काशिनाथच्या नावाचं रक्त

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ‘रगतवाली बाई’ म्हटलं की मात्र दहिवलीपासून मोहोपाड्यापर्यंत कुणीही माझा पत्ता सांगेल. आमची जीप गावात शिरली की पोरं ओरडत पुढं पळायची आणि हातातल्या काठीनं साप ठेचणारे गडी मागच्या दारानं शेतात सटकायचे. सुईची भीती ही काय चीज आहे ते मला विचारा.

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि राहायला दहिवलीत. ऐंशीच्या दशकात आमच्या प्रमुख डॉक्टर सुभेदार यांनी खालापूरच्या बाजूला काम काढलं, तेव्हा त्यांनी माझी निवड केली. ती हुशारी बघून नव्हे. ‘तू तिकडचीच आहेस, तुला लोक हाकलणार नाहीत,’ एवढंच त्या म्हणाल्या. लोकांनी मला हाकललंही, पण निदान आपल्या भाषेत हाकललं.

लोकांना वाटायचं मी रक्त काढते आणि नेऊन विकते. खरं तर रक्त काढणं हा माझ्या कामातला सगळ्यात सोपा भाग. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोठ्या आळशी असतात, बाटलीत ठेवल्या तर नुसत्या पडून राहतात. एकीच्या दोन व्हायला त्यांना भाग पाडायचं तर राजम्याचा अर्क घालावा लागतो. हो, तोच आपला उसळीचा राजमा. तो घालून बाटली अंगाच्या उबेइतक्या उबेत दोन दिवस ठेवायची. पेशी दुभंगण्याच्या बेतात आल्या की त्यांना तिथंच थोपवायला आणखी एक औषध. आमच्याकडं ते परदेशातून यायचं, पण तेच विष आपल्या कळलावीच्या कंदातही असतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी पेटलेली दिसते ती कळलावी. हे कळल्यापासून आमच्या आईनं परसातली कळलावी उपटून टाकली आणि मलाही दोन दिवस जरा जपूनच वाढलं.

मग त्या पेशी अळणी पाण्यात फुगवायच्या, हात उंच धरून काचपट्टीवर थेंब टाकायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसायचं. एकेका पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. आखूड दोऱ्याचे तुकडे पसरावेत तशी ती दिसतात, प्रत्येकाला एक गाठ मारलेली. किरणांचा मार बसला असेल तर हे तुकडे तुटतात आणि सांधताना घाईघाईत भलत्यालाच भलता जोडला जातो. एका तुकड्याला दोन गाठी दिसल्या की समजायचं, इथून किरण गेले आहेत.

आता रसायनीच्या बाजूला किरण कुठून आले? कारखान्यांमध्ये मोठमोठ्या टाक्या आणि नळ असतात. त्यांची वेल्डिंग आतून पक्की आहे की पोकळ, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डॉक्टर हाडाचा फोटो काढतो तसा सांध्याचा फोटो काढतात. त्यासाठी शिशाच्या जड डब्यात किरण सोडणारा एक दाण्याएवढा तुकडा असतो. त्या डब्याला हे लोक कॅमेरा म्हणतात. लांब उभं राहून हँडल फिरवायचं, की तारेच्या टोकाला लावलेला दाणा नळीतून सरकत सांध्यापाशी जातो. फोटो झाला की उलट फिरवून परत डब्यात. मधल्या वेळात भोवती दोरी बांधून सगळ्यांना बाहेर ठेवायचं. कॅमेऱ्यावाल्या प्रत्येकाच्या छातीला एक बिल्ला असतो. त्याच्यात फिल्मचा तुकडा. ठरावीक मुदतीनं तो तपासायला जातो आणि कुणाला किती किरण लागले ते कळतं.

डॉक्टर सुभेदारांचा प्रश्न साधा होता. त्या सुमारास जगभर एक नवी गोष्ट चर्चेत होती. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन भाग करायचे. एका भागाला आधी चिमूटभर किरण द्यायचे, दुसऱ्याला काहीच नाही. काही तासांनी दोघांनाही सारखाच मोठा मार द्यायचा. तर ज्याला आधी चिमूटभर मिळालं, त्यात मोडतोड कमी! जणू पहिल्या धक्क्यानं पेशीतले गवंडी-सुतार जागे होऊन अवजारं परजून बसलेले असावेत. मी पहिल्यांदा हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्यासुलट्या झाल्या असतील म्हणून पुन्हा मोजलं होतं. तसं नव्हतं. मला तर इतका आनंद झाला की डबा खायला विसरले.

मग डॉक्टरबाईंना वाटलं, कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना रोज थोडेथोडे किरण लागतात, त्यांच्या पेशी अशा तयार झाल्या असतील का? तुलनेला त्याच भागातली, किरणांशी काही संबंध नसलेली माणसं हवीत. म्हणून कॅमेऱ्यावाल्यांचं रक्त आणि शेतकरी, दुकानदारांचं रक्त, असं दोन्ही गोळा करायचं ठरलं. कॅमेऱ्यावर सगळे पुरुषच, म्हणून तुलनेलाही पुरुषच.

कुंभिवलीला हमरस्त्यावर एक पंक्चरवाला होता. तो म्हणाला, “रगत देतो, पन आत काय हाय ते मला दावायचं.” मी कबूल केलं आणि खरोखरच त्याच्या गुणसूत्रांचा फोटो नेऊन दिला. त्यानं तो चौकटीत बसवून हवा भरायच्या यंत्रावर लावला. थांबलेल्या ट्रकवाल्यांना तो सांगे, “हा माजा आतला फोटो. मुंबैला काढला.” पुढं त्या दुकानावरून जाताना मला कधी चहाशिवाय पुढं जाऊ दिलं नाही.

अशी मजेत गाडी चालली होती, आणि काशिनाथचा बिल्ला काळा आला.

काशिनाथ मोहोपाड्याच्या पलीकडल्या गावचा. आधी माती उचलायच्या कामावर होता, तिथून कॅमेऱ्यावर आला. त्या गावात हँडल फिरवणारा तो एकटाच, त्यामुळं चालण्यात जरा ऐट होती. त्याच्या बिल्ल्यावर नको इतके किरण निघाले. विचारलं तर म्हणाला, “गरम होत व्हतं. सदरा काडून कॅमेऱ्यावर टाकला व्हता. बिल्ला सदऱ्याला व्हता, मी बाजूला व्हतो.” असं घडू शकतं. घडतंही. मग मार बिल्ल्याला बसला की माणसाला, हे ठरवायला एकच साक्षीदार उरतो, रक्त. तोवर कॅमेऱ्याचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या प्रधानसाहेबांनी त्याला घरी बसवला. पावसाच्या आत टाक्या पुऱ्या करायच्या होत्या आणि माणूस कमी पडत होता, त्यामुळं साहेबांना अहवालाची भलतीच घाई.

त्या आठवड्यात मी दुसऱ्या कामात अडकले होते. म्हणून कारखान्याच्या दवाखान्यातले ठोंबरे कंपाउंडर काशिनाथच्या घरी जाऊन रक्त घेऊन आले आणि जीपनं ते मुंबईला पोचलं. आमच्याकडं प्रत्येक काचपट्टी दोघांनी बघायची असा नियम. पहिल्यांदा माझ्या सहकाऱ्यानं पाहिली. मोडतोड काही नाही, रक्त स्वच्छ. डॉक्टरबाईंनी प्रधानसाहेबांना फोनवर तसं सांगितलंही. सोमवारपासून काशिनाथ कामावर, असं ठरून गेलं.

दुसऱ्यांदा बघायची पाळी माझी. मीही खूश होते. तुटलेलं काही नाही, जास्तीची गाठ नाही, सगळं जिथल्या तिथं. पण पुरुषाच्या पेशीत एक आखूड, ठेंगणं गुणसूत्र असतं, ते काही सापडेना. एका पेशीत नाही, म्हटलं असेल कुठं तरी दडलेलं. दुसरीत नाही. तिसरीत नाही. मी चष्मा पुसला. मग उठून डॉक्टरबाईंकडं गेले.

“बाई, काशिनाथच्या रक्तात काशिनाथ नाही.”

“म्हणजे?”

“हे बाईमाणसाचं रक्त आहे.”

त्यांनी स्वतः येऊन एकेक पेशी पाहिली. माझा सहकारी ओशाळला, पण त्याचा काय दोष? तो मोडतोड शोधत होता, बाई शोधत नव्हता. कारखान्याला फोन लावला तर लाईन बंद. मधे शनिवार-रविवार. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तू घरी जातेच आहेस. उद्या जीप घेऊन गाठ त्याला. तो परत आत जाता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी आधी ठोंबऱ्यांना धरलं. त्यांना चूक काय झाली तेच कळेना.

“अहो, काशिनाथ घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, माजं घ्या. मी घेतलं. घरटी एक लागत होतं ना?”

आमच्याकडची ही घरटी एकाची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. बंधारा घालायचा असो, पाणवठा साफ करायचा असो, देवळावर पत्रे चढवायचे असोत, प्रत्येक घरातून एक माणूस जातो. कोण जातो याला महत्त्व नाही. जो मोकळा असेल तो. हजेरी मात्र घरधन्याच्या नावावर. ठोंबरे याच रीतीत वाढलेले. दवाखान्यात ‘काशिनाथचं रक्त’ असा निरोप आला, तो त्यांच्या कानात ‘काशिनाथच्या घरचं रक्त’ म्हणूनच शिरला. वर मला म्हणतात, “एकाच घरचं, एकाच हातचं खातात. फरक तो किती असणार?” मी कपाळाला हात लावला.

काशिनाथची बायको सुगंधा ओढ्यावर धुणं धुवत होती. बाकीच्या बायका वरच्या अंगाला, आणि ही एकटी पार खाली, वळणाच्या पलीकडं. मी विचारलं, इतक्या लांब का? ती मान वर न करता म्हणाली, “त्या नाय येऊ देत वर. म्हंत्यात, तुज्या नवऱ्याच्या कपड्यातनं किरनं पान्यात उतरत्यात.”

मला इतका राग आला की काही सुचेना. किरण म्हणजे काही चिखल नव्हे कपड्याला चिकटायला. दिव्याचा उजेड अंगावर पडला म्हणून माणूस अंधारात चमकत नाही. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मला नका सांगू. वर जाऊन त्यांना सांगा.” मग हसली.

“सुगंधा, कंपाउंडरना रक्त तू दिलंस?”

“व्हय. ह्ये आंगन वलांडून पळाले त्याला बगून. म्हटलं, मानूस आलाय दारात, रिकामा कसा धाडायचा? बंदाऱ्याला पन मीच जाते दरसाली. नाव ह्यांचं लागतं.”

“आणि ते रक्त चांगलं निघालं. तेच काशिनाथचं म्हणून साहेब सोमवारी त्याला कॅमेऱ्यावर घेतायत.”

ती आपटायला उचललेलं कापड तसंच धरून राहिली.

“म्हंजे माज्या रगतावर ह्यांना आत घालनार?”

“हो.”

“आनि ह्यांचं कसं हाय, ते कोनालाच ठाव नाय?”

“कुणालाच नाही.”

तिनं धुणं तिथंच सोडलं, पदर खोचला आणि म्हणाली, “चला वो बाई. गाडी कुठं लावलीय?”

काशिनाथ कारखान्याच्या फाटकापाशीच होता. शनिवार असूनही प्रधानसाहेब आलेले आणि त्याला सोमवारचं काम समजावून सांगत होते. भोवती चारपाच कॅमेऱ्यावाले. मी घसा साफ करून, कुणाचा अपमान होऊ नये अशा बेतानं काही बोलणार, तोच सुगंधा थेट साहेबांसमोर उभी राहिली.

“सायेब, ते रगत माजं हाय.”

कुणाला कळेना. मग मी सांगितलं. आणि जे हसू फुटलं! एक जण म्हणाला, “काशा, मुंबैच्या डॉक्टरनं तुला बाई ठरवला रं!” काशिनाथचं तोंड पडलं. तो बायकोवर धावला, “कोनी सांगितलं व्हतं तुला मधी पडायला? सदरा काडला व्हता म्हनून सांगितलं ना मी!”

“सदरा मी धुते तुमचा,” सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “त्या दिशी छातीवर काळं ग्रीस व्हतं. घासून घासून हात सोलले माजे. काडून ठेवलेल्या सदऱ्याला छातीवर ग्रीस कसं लागंल वो?”

हसणारे काशिनाथकडं बघू लागले. ग्रीस कॅमेऱ्याच्या तारेला आणि नळीच्या जोडांना असतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. काशिनाथ फाटकाच्या कट्ट्यावर बसला आणि त्यानं सांगून टाकलं. दाणा नळीत अडकला होता. हँडल पुढं जाईना, मागं येईना. नियम असा की दोरीच्या बाहेर थांबायचं आणि साहेबांना बोलवायचं. हा आत गेला, नळी छातीशी धरून हलवली, आणि दाणा सुटल्यावर पळत बाहेर आला. कुणाला सांगितलं तर हँडल हातातून जाईल, पुन्हा माती उचलावी लागेल, ही धास्ती. ऐटीत चालणारा तो माणूस खाली बघून बोलत होता, आणि मला त्याची फार दया आली.

“सुई मोटी हाय?” त्यानं मला विचारलं.

“तुमच्या बायकोला विचारा.”

त्यानं बाही वर केली.

या वेळी रक्त मी स्वतः काढलं, बाटलीवर नाव स्वतः घातलं आणि मांडीवर धरून मुंबईला नेलं. काचपट्ट्यांवर ते ठेंगणं गुणसूत्र पहिल्याच पेशीत भेटलं, आणि पुढच्या पेशींमध्ये दोन गाठींचे तुकडेही भेटले. फार नव्हते. माणूस आजारी पडावा इतका मार नव्हता. पण एरवी शोधून सापडत नाहीत, ते इथं न शोधता दिसत होते. बिल्ला खरं बोलला होता.

अहवाल घेऊन डॉक्टरबाई स्वतः कारखान्यात आल्या. काशिनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जो मुद्दा काढला त्यानं आमची पंचाईत झाली. डॉक्टरबाईंनी मागं कारखान्याच्या कँटीनमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं होतं, ते याला पाठ.

“बाई, तुमीच म्हनला व्हता, थोडं लागलं की पेशी शिकते. मंग माज्या पेशी शिकल्या नं आता? मला परत धाडा. आता मला काय व्हनार नाय.”

प्रधानसाहेबांचेही डोळे लकाकले. “तसं म्हणायला हरकत नाही, नाही का डॉक्टर? सवय होते शरीराला.”

डॉक्टरबाई शास्त्राच्या भाषेत बोलायला लागल्या आणि समोरचे चेहरे कोरे होत गेले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काशिनाथ, गावात एका घरी चोर आला की काय होतं? चार दिवस सगळे जागे राहतात. खिळे ठोकतात, कुत्री मोकळी सोडतात. आणि पाचव्या दिवशी?”

“घोरत्यात.”

“पेशींचं तसंच. जागं राहणं थोडा वेळच. त्यातही काही माणसांच्या पेशी मुळी जाग्याच होत नाहीत, हे आम्ही बघितलंय. आणि ते चिमूटभर किरणांचं झालं. तुमच्याकडं चोर नाही, दरोडा पडला होता.”

प्रधानसाहेब खिडकीतून टाक्यांकडं बघत राहिले. काशिनाथ कॅमेऱ्यावरून उतरला. डॉक्टरबाईंनी साहेबांना बजावलं, माती उचलायला पाठवायचं नाही, हातातलं कसब जाऊ द्यायचं नाही. त्याला फिल्मा धुवायच्या अंधाऱ्या खोलीत काम मिळालं. सांध्यांचे फोटो बघून कुठं पोकळी आहे ते तो पुढं फार चांगलं सांगू लागला. माझ्याशी मात्र वर्षभर धड बोलला नाही. भेटला की “काय बाई” एवढंच म्हणायचा. मला ते लागायचं. ज्या शोधानं मी डबा खायला विसरले होते, तोच त्याला आशेसारखा दिसला, आणि ती आशा मलाच मोडावी लागली. मूळ प्रश्नाचं उत्तरही आम्हाला नीट मिळालं नाही. कॅमेऱ्यावाल्यांपैकी काहींच्या पेशी खंबीर दिसल्या, काहींच्या नाही, आणि माणसं होती थोडी.

पण सुगंधानं एक काम उकरून काढलं. अहवालाच्या दिवशी आम्ही निघताना तिनं जीपचं दार धरलं. “बाई, ते पयलं रगत चांगलं निघालं व्हतं नं? त्याचा कागद कुटं हाय?”

“तो रद्द केला. काशिनाथच्या नावाचा होता.”

“रगत माजं, तर कागद पन माजा. माज्या नावानं द्या. ओढ्यावर दावते सगळ्यांना.”

डॉक्टरबाईंनी एक शब्द न विचारता तिचं नाव घालून नवा अहवाल लिहून दिला, खाली सही केली आणि मला म्हणाल्या, “तुलनेला नुसते पुरुष घेतले ही आपलीच खोड. पुढच्या खेपेला बायकाही घेऊ.”

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या सगळ्या बायका आलेल्या, आपापसांत खिदळत, एकमेकींना पुढं ढकलत. प्रत्येकीला तसलाच कागद हवा होता. सुगंधा भिंतीला टेकून मजा बघत उभी. मी पहिलीला बसवलं, दंडाला रबर बांधलं, बाटलीवरची चिठ्ठी पुढं ओढली आणि विचारलं, “नाव?”

तिनं सवयीनं नवऱ्याचं नाव सांगितलं.

“अगं, तुजं सांग!” मागून सुगंधा ओरडली.

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, दंडाकडं बघितलं, आणि मग इतक्या हळू आवाजात तिनं स्वतःचं नाव सांगितलं, की मला ते पुन्हा विचारावं लागलं.